तारा तुटला काय? : आकाश-निरीक्षणाचा एक पाठ

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, विदर्भाच्या आकाशातून तेजस्वी गोळ्यांची रांग संथपणे सरकत गेली. पुष्कळांनी ती उल्का मानली. त्याच सायंकाळी चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे पडले. ते अवशेष अग्निबाणाचे होते.

मुलांनी असे काही पाहिल्यास 'ते काय होते?' असे प्रथम न विचारता 'किती वेळ दिसले?' असे विचारावे. उल्का सेकंदास किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते व सुमारे १०० किलोमीटर उंचीवर उजळते. म्हणून ती बहुधा एकदोन सेकंदांतच विझते. अग्निबाणाचे तुकडे पुष्कळ अधिक वेळ दिसत राहतात.

मुले दिशा सांगतात ती 'वडावरून देवळाच्या कळसाकडे' अशी. त्यांना अडवू नये. तेच शब्द फळ्यावर लिहावेत, मग त्या खुणांच्या दिशा होकायंत्राने पाहाव्यात. पुष्कळ दूरच्या गावच्या शाळेची नोंद मिळाल्यास उल्केच्या उंचीचा अंदाजही बांधता येतो.

'तारा तुटला' असे घरी ऐकून आलेल्या मुलास खोडून काढण्याची घाई नको. दुसऱ्या रात्री त्यास सप्तर्षी मोजावयास सांगावे; सातही जागच्या जागी सापडतील.