हृदय सांभाळा, पण पाय गमावू नका

हार्ट अटॅकमधून माणूस वाचून घरी आला की सगळ्या घराचं एका गोष्टीवर एकमत होतं: आता याने काही करायचं नाही. त्यामागे माया असते, धास्ती असते आणि डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ असते, ‘विश्रांती घ्यावी, जड काम टाळावे.’ जड काम म्हणजे कोणतं, विश्रांती किती दिवस आणि त्यानंतर काय, हे त्या ओळीत नसतं. माझ्या कार्डावरही नव्हतं. त्यापायी माझी काय अवस्था झाली आणि मी त्यातून कशी सावरले, ते सांगते. माझ्यासारख्या पेशंटनी हे वाचावं आणि त्यांच्या घरच्यांनी तर जरूर वाचावं.

मी साताऱ्याची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. साठीला टेकता टेकता अटॅक आला. वेळेत स्टेंट बसला, पण तोवर हृदयाच्या स्नायूचा काही भाग निकामी झाला होता. टू-डी इकोमध्ये पंपिंग ३५ टक्के आलं. निरोगी हृदयाचं ते साधारण ५५ ते ७० असतं. त्या दिवसापासून हा आकडा आमच्या घरात ठाण मांडून बसला. फोन करणारा प्रत्येक नातेवाईक आधी तोच विचारायचा.

ओटा सुनेने ताब्यात घेतला. “आई, तुम्ही फक्त बसा,” असं ती म्हणायची, आणि अगदी मनापासून म्हणायची. हे चहा पलंगावर आणून द्यायचे. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून खाली उतरणं बंद झालं. मोती चौकात जाऊन भाजी आणणं, मैत्रिणींबरोबरचं संध्याकाळचं फिरणं, दारातली रांगोळी, सगळं एकेक करून सुटलं.

काही महिन्यांत केसांना तेल लावायला हात वर केले तरी दंड भरून यायला लागले. चपलेचा पट्टा लावायला वाकले की धाप लागायची. जमिनीवर बसले तर कुणीतरी हात दिल्याशिवाय उठता येईना. घरच्यांनी त्याचा अर्थ काढला की हृदय आणखी कमजोर झालं, आणि आरामात आणखी वाढ केली. बसून बसून गुडघे धरले, म्हणून शेजारच्या दुकानातून दुखण्यावरच्या गोळ्या आल्या. ‘हृदयाची गोळी नाही, मग काय होतंय’ या हिशेबाने त्या चालू राहिल्या. पावलं सुजली, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ तासन्‌तास जाईना. रात्री एका उशीच्या दोन झाल्या, मग तीन. शेवटी एका पहाटे श्वासच पुरेना आणि पुन्हा अॅडमिट व्हावं लागलं. फुप्फुसांत पाणी साचलं होतं.

त्या वेळी पुन्हा केलेल्या इकोने मला खडबडून जागं केलं. पंपिंग होतं तेवढंच होतं, उलट किंचित सुधारलेलं. अंगात पाणी साठवण्यात त्या गुडघ्याच्या गोळ्यांचा हात होता. पण पाणी उतरल्यावरही मला वॉर्डच्या टोकापर्यंत चालवेना. पाय गेले होते, आणि ते आजाराइतकेच आरामाने गेले होते.

आरामाची ही समजूत आली कुठून

एकेकाळी डॉक्टरही हेच सांगत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हार्ट अटॅकच्या पेशंटला चार-चार, सहा-सहा आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावत. बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी पेशंटना लवकरच पलंगावरून उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि १९५२ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. तेव्हा हे धाडसाचं होतं. १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅक आला. त्यांच्यावर उपचार करणारे पॉल डडली व्हाइट हे चालण्याचे आणि कामावर परतण्याचे खंदे पुरस्कर्ते होते. पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर निवडणूक लढवून पुन्हा निवडून आले.

पडून राहण्याने शरीराचं काय होतं, ते १९६६ मध्ये डॅलसला झालेल्या प्रयोगात दिसलं. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं आणि त्यांची शारीरिक क्षमता मोजली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा लक्षात आलं की तीस वर्षांच्या वयाने केलं नाही इतकं नुकसान त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. तरणीताठी मुलं तीन आठवड्यांत इतकी खचतात, तर साठीच्या बाईने महिनोन्‌महिने बसून राहिल्यावर काय व्हायचं?

हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे माझ्यासारखं हृदयाचं काम अपुरं पडतं त्या आजारात, दम लागण्याला हृदयाइतकेच हातापायांचे स्नायूही कारणीभूत असतात. कमकुवत स्नायूला रक्तातला प्राणवायू नीट वापरता येत नाही, म्हणून थोड्या श्रमानेही धाप लागते. धाप लागते म्हणून माणूस हालचाल टाळतो, आणि स्नायू आणखी रोडावतात. त्यामुळेच पंपिंग ३० असलेला एखादा दोन जिने सहज चढतो आणि ४५ असलेली बाई न्हाणीघरापर्यंत जाऊन थकते. पंपिंगचा आकडा औषधं ठरवायला मोलाचा आहे. तुमचा दिवस कसा जाईल, हे मात्र तो एकटा सांगू शकत नाही.

माझी उलटी वाटचाल

दुसऱ्या खेपेला भेटलेल्या डॉक्टरांनी मला कार्डिअॅक रिहॅबला पाठवलं, म्हणजे हृदयरुग्णांसाठी देखरेखीखाली चालणाऱ्या व्यायामाच्या विभागात. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने पहिल्या दिवशी तीस मीटरच्या कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन शंकू ठेवले आणि म्हणाली, “काकू, सहा मिनिटं तुमच्या चालीने चाला. दम लागला तर थांबा, बसा, पण घड्याळ थांबणार नाही.” सहा मिनिटांत किती मीटर चाललं जातं, एवढंच त्यात मोजतात. माझे तीनशेही भरले नाहीत. मग तिने एक प्रश्नावली भरून घेतली. अंघोळ करताना, कपडे घालताना दम लागतो का, पावलं सुजतात का, आजारामुळे आवडीची कामं सुटली का, उमेद जाते का. अटॅक आल्यापासून मला हे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. जगभरात अशा प्रश्नावल्या वापरतात. त्यांतल्या कॅन्सस सिटी प्रश्नावलीत २३ प्रश्न आहेत आणि ० ते १०० असे गुण. जितके गुण जास्त, तितकं जगणं सुकर.

व्यायामाची मलाही धास्ती होती. हृदय आधीच दमलंय, त्याला आणखी का दमवायचं? त्याचं उत्तर मोठ्या अभ्यासांनी दिलेलं आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पंपिंग ३५ किंवा त्याहून कमी असलेले २३३१ पेशंट होते. बेताचा, नियमित व्यायाम त्यांना सुरक्षित ठरला आणि त्यांच्या जगण्याच्या गुणवत्तेत थोडी, पण टिकणारी सुधारणा झाली. २०२१ मध्ये हार्ट फेल्युअरमुळे नुकत्याच अॅडमिट झालेल्या ३४९ वृद्धांवरचा अभ्यास आला. त्यांच्याकडून ताकद, तोल, चालणं आणि दमसास या चारही गोष्टींवर मेहनत करून घेतली, आणि त्यांची हालचाल नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारली. आपल्याकडेही २४ रुग्णालयांतल्या जवळपास चार हजार हार्ट अटॅक पेशंटवर योगाधारित पुनर्वसनाचा अभ्यास झाला. त्याने पुढचे अटॅक किंवा मृत्यू ठळकपणे कमी झाले असं सिद्ध झालं नाही. पण योग करणाऱ्यांना आपली तब्येत अधिक बरी वाटली आणि आजारापूर्वीची कामं त्यांनी जास्त प्रमाणात पुन्हा सुरू केली. मला हवं होतं ते हेच. मला माझी कामं परत हवी होती.

आज मी दोन जिने मधल्या कठड्यापाशी एकदा थांबून चढते. भाजी मी आणते, जड पिशवी नातू उचलतो. पंपिंग अजून चाळिशीच्या आतच आहे.

तुमच्यासाठी, जे मी शिकले ते

*आधी विचारा, मग सुरू करा.* अटॅक नुकताच येऊन गेला असेल, विश्रांतीतही धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, सूज वाढत असेल, तर तो काळ व्यायामाचा नाही. तब्येत स्थिरावली की डॉक्टरांकडून मोकळीक घ्या आणि रिहॅबची सोय कुठे आहे ते विचारा. बायकांना रिहॅबला पाठवण्याचं प्रमाण जगभरच पुरुषांपेक्षा कमी आहे, म्हणून बायकांनी तर स्वतःहून विचारावं.

*सुरुवात खुर्चीपासून करा.* भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्या. जमलं तर हातांचा आधार न घेता उठा आणि सावकाश बसा. सुरुवातीला चार-पाच वेळाही पुरे. श्वास रोखू नका, उठताना सोडा. मांड्या मजबूत झाल्या की संडास, न्हाणीघर, रिक्षा, जिना, सगळंच सोपं होतं. मग घरातल्या घरात पाच मिनिटं चाला, दिवसातून दोन-तीनदा. आधी वेळ वाढवा, वेग नंतर.

*दमाची मर्यादा बोलून ओळखा.* चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणवू नये, इतपत श्रम योग्य. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका. जेवणानंतर लगेच आणि भर उन्हात चालू नका. छातीत दुखलं, घेरी आली, धडधड वाढली तर लगेच थांबून बसा. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिलेली असेल तर ती बसूनच जिभेखाली ठेवा, कारण उभ्याने घेतल्यास बीपी उतरून चक्कर येते. दुखणं थांबलं नाही तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

*वजनकाटा रोज वापरा.* सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, सारख्याच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ते पाणी समजा आणि डॉक्टरांना फोन करा. उशा वाढणं आणि वाकल्यावर दम लागणं याही तशाच खुणा आहेत. या दोन्ही मी वेळेत सांगितल्या असत्या तर कदाचित दुसऱ्यांदा अॅडमिट व्हावं लागलं नसतं.

*मिठाचा खरा साठा बरणीत आणि डब्यात असतो.* भाजीत मीठ कमी करून ताटात पापड, लोणचं, सांडगी मिरची आणि फरसाण ठेवलं तर काही उपयोग नाही. बाजारात ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरू शकतं, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका.

*दुकानातली दुखण्याची गोळी घेऊ नका.* डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधं अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात. गुडघे दुखत असतील तर हृदयाच्या डॉक्टरांना सांगून दुसरा उपाय घ्या. आणि लग्नाकार्याला, प्रवासाला निघताना लघवीची पंचाईत नको म्हणून पाण्याची गोळी परस्पर बंद करू नका. ती वेळ पुढेमागे करता येते का, ते विचारा.

*मनाचंही सांगा.* हार्ट फेल्युअरच्या साधारण पाचांतल्या एका पेशंटला नैराश्य येतं. झोप उडणं, कशातच रस न वाटणं, ‘मी सगळ्यांना ओझं झाले’ असं वाटत राहणं, ही त्याची लक्षणं आहेत आणि त्यावर उपचार आहेत. पतिपत्नीच्या संबंधांबद्दलही संकोच न करता डॉक्टरांशी बोला. त्रास न होता दोन जिने चढता येत असतील तर साधारणपणे मनाई नसते, मात्र सॉर्बिट्रेटसारख्या गोळ्या चालू असताना व्हायग्रासारखी औषधं चुकूनही घेऊ नयेत.

घरच्यांना दोन शब्द

तुमच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, माझी माणसंही तशीच आहेत. पण तुमच्या पेशंटच्या हातातून काम काढून घेण्याआधी ते काम सोपं करता येईल का, ते पाहा. न्हाणीघरात स्टूल ठेवा, संडासात भिंतीला पकडायला दांडा बसवा, रोज लागणारे डबे कमरेच्या उंचीवर आणा, भाजी निवडायला टेबल-खुर्ची द्या. कुकर तुम्ही उचला, फोडणी तिला घालू द्या. चालायला सोबत जा आणि तिच्या चालीने चाला. तिला मध्येच थांबायचं असेल तर थांबू द्या, आणि थांबली म्हणून घाबरून लगेच घरी आणू नका.

पुढच्या तपासणीला जाताना फाइलमध्ये एक कागद ठेवा आणि त्यावर चार प्रश्न लिहा. मी रोज किती चालू? कोणतं वजन उचलायचं नाही, पाच किलो की पंधरा? माझी सहा मिनिटांची चाल कधी मोजायची? रिहॅबची चिठ्ठी मिळेल का? उत्तरादाखल ‘आराम करा’ असं ऐकायला मिळालं तर किती दिवस ते विचारा, तारीख लिहून घ्या, आणि ती तारीख उलटली की पुढचं विचारायला परत जा.