मरळ पिल्लांवर असते तेव्हा

बास हा अमेरिकेतला मासा भोर-वेल्ह्याच्या पाण्यात नाही, पण त्याच्यासाठी बनलेली आमिषं इथे केव्हाच पोहोचली आहेत. सुट्टीच्या दिवशी भाटघर, निरा-देवघर किंवा पानशेतच्या काठावर येणाऱ्या पुण्याच्या तरुणांच्या पिशवीत रबरी बेडूक, धातूचे चमचे, फिरत्या पात्यांचे स्पिनर असं सगळं असतं. शेजारी गावातला एखादा माणूस गळाला गांडूळ लावून, तंगूस बोटावर धरून बसलेला असतो. नवी सामग्री इथे चालते का, तर उत्तम चालते. बासची जागा इथे मरळ घेते. तीही गवताच्या आडोशाला दबा धरते आणि पाण्यावरून सरकणाऱ्या बेडकावर तशीच झेप घेते.

सामग्री उसनी घेता येते. ती कधी वापरायची आणि कधी पिशवीतच ठेवायची, हे मात्र इथल्या माशांकडूनच शिकावं लागतं. त्यासाठीच हे अनुभवाचे चार शब्द.

आधी बेडकाविषयी. मरळीसाठी पोकळ रबराचा बेडूक सर्वांत सोयीचा. त्याचे दोन गळ पोटाखाली लोंबत नाहीत, टोकं वर करून पाठीला चिकटून असतात. त्यामुळे तो पाणगवतावरून न अडकता सरकतो. माशाने तोंडात दाबला की रबर चेपतं आणि गळ उघडे पडतात. बेडूक गवतातल्या मोकळ्या जागेच्या थोडा पलीकडे टाकावा आणि थांबत थांबत ओढत आणावा. खळ्ळकन आवाज झाला की हात आपोआप वर जातो, आणि तिथेच मासा सुटतो. दोरीवर माशाचं वजन जाणवू द्यावं, मगच झटका द्यावा. साडेसहा-सात फुटांचा दणकट रॉड आणि तीस-चाळीस पौंडांची विणलेली दोरी पुरेशी होते. मरळ गवतात शिरून दोरी गुंडाळते, म्हणून बारीक तंगूस इथे टिकत नाही. तिच्या तोंडात दातही असतात, तेव्हा बेडकाच्या आधी वीतभर जाड धागा जोडलेला बरा.

मरळ शोधणं त्या मानाने सोपं. तिचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. डोक्यातल्या खास पोकळीत हवा घेण्यासाठी तिला अधूनमधून वर यावंच लागतं. वारा पडलेल्या सकाळी काठाशी शांत बसलं, तर ती कुठे वर येते ते दिसतं.

पावसाळ्यात मात्र आणखी एक गोष्ट दिसते, आणि सावध राहायचं ते तिथेच. पाणी चढून काठचं गवत आणि भाताच्या खाचरांच्या कडा बुडाल्या की मरळ उथळ पाण्यात अंडी घालते. अंडी तरंगतात. पिल्लं बाहेर पडल्यावर तांबूस-नारिंगी रंगाचा एक थवा करून फिरतात, आणि खाली आईबाप राखण करत असतात. भाटघरच्या फुगवट्यात एका श्रावणात असा थवा मी अगदी जवळून पाहिला. परातीएवढ्या जागेत पाणी तांबूस दिसत होतं. पिल्लं एकदम वर येत तेव्हा तेवढ्याच जागेत भुरभुर पाऊस पडल्यासारखं पाणी थरथरे, मग थवा खाली जाई आणि हातभर पुढे पुन्हा वर येई.

आमच्यातल्या एकाने त्या थव्यातच बेडूक टाकला. पहिल्याच फेकीला मरळ आली. ती भुकेने आली नव्हती, पिल्लांवर चालून आलेल्या बेडकाला हुसकावायला आली होती. मासा मोठा होता, फोटो निघाले, तो पिशवीत गेला. काठावर बसून राहिलेल्यांना पुढचंही दिसलं. थवा आधी सैल झाला, मग त्याची दोन-तीन शकलं झाली, आणि खालून चिलापी येऊन पिल्लं टिपू लागल्या. ऊन वर चढेपर्यंत त्या कोपऱ्यात तांबूस रंगाचा मागमूस उरला नाही.

थव्यावर बेडूक टाकणं ही मरळ पकडण्याची सर्वांत हमखास युक्ती म्हणून एकमेकांना शिकवली जाते. ती हमखास आहे हे खरंच. पण तिच्यात कौशल्य काही लागत नाही, आणि एका माशासाठी सबंध वीण जाते. मरळ पकडून लगेच सोडली तरी तेवढ्या वेळात थवा उघडा पडतो. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात तांबूस थवा दिसला की तिथून बेडूक आवरावा आणि दुसरा काठ धरावा.

मग पकडलेला प्रत्येक मासा सोडून द्यायचा का? तसंही नाही. जपानचं उदाहरण बोलकं आहे. तिथे 1925 मध्ये आशी तलावात अमेरिकेतून आणलेले बास सोडले गेले. पुढे हा मासा देशभर पसरला आणि बिवा सरोवरातल्या मूळ माशांच्या जिवावर उठला. मानाबू कुरिता यांनी 2009 मध्ये ज्या बासने अमेरिकेतल्या जॉर्ज पेरी यांच्या 1932 च्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली, तो याच बिवा सरोवरातला. त्याच सरोवराच्या शिगा प्रांतात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला 2003 पासून बंदी आहे. आपल्याकडे अशी परकी म्हणजे चिलापी. ती मूळची आफ्रिकेतली, भारतात 1952 मध्ये आणलेली. ती गळाला लागली तर खुशाल घरी न्यावी आणि कालवण करावं.

महासीरची गोष्ट उलटी. पानशेत-वरसगावचं पाणी ज्या मुठेला मिळतं, त्या मुळा-मुठेतल्याच माशांवरून विल्यम साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या महासीरचं शास्त्रीय वर्णन केलं. आज त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. रायगडातल्या महाडजवळ वाळण कोंडीत लोक या माशांना देवाचे मासे मानून जपतात. महासीर लागला तर तो सोडायचा, आणि ती तयारी गळ टाकण्याआधीच करायची. चमच्याला किंवा स्पिनरला असलेला तीन फाट्यांचा गळ काढून एकच मजबूत गळ लावावा. त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे गळ ओठातून सहज निघतो. हात ओले करून मासा पाण्यातच धरावा, तापलेल्या खडकावर ठेवू नये. गळ घशात गेला असेल तर तो उपसत बसण्यापेक्षा तोंडाजवळ दोरी कापावी.

पण जिथून पकडला तिथेच सोडावा, हेही तितकंच महत्त्वाचं. लोणावळ्याच्या वळवण केंद्रात टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महासीरचं बीज तयार केलं, आणि त्या कामाने दख्खनच्या महासीरला मोठा आधार मिळाला. तेच बीज कावेरीत सोडलं गेलं तेव्हा मात्र तिथला मूळचा वाशिंडवाला महासीर मागे पडला. आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. एका धरणातला मासा डब्यातून नेऊन दुसऱ्या तळ्यात सोडण्याची हौस म्हणूनच टाळावी.

माशांइतकीच काळजी स्वतःची. उन्हाळ्यात कालव्यांना पाणी सुटून भाटघर ओसरतं, कांबरे गावाजवळचं बुडालेलं कांबरेश्वराचं मंदिर उघडं पडतं आणि पाण्याच्या कडेला गाळाचा रुंद पट्टा तयार होतो. वरून तो वाळून भेगाळलेला दिसतो, आत मात्र पाय मांडीपर्यंत जातो. अडकलेलं आमिष सोडवायला पाण्यात उतरणं हा तर सर्वांत मोठा धोका. जुन्या नदीपात्राचा उतार एका पावलात खोल जातो. मे 2022 मध्ये याच धरणात नऱ्हे गावाजवळ पाच जणी बुडाल्या. आमिष तीनशे रुपयांचं असो की हजाराचं, दोरी कापावी. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, म्हणून वळवाचं आभाळ भरून आलं की तो खाली ठेवावा, आणि विजेच्या तारांखाली फेकी मारू नये.

धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो. तेव्हा गळ टाकण्याआधी गावात विचारून परवानगी घ्यावी. मासे मारायला सुरुंग किंवा विष वापरण्याला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे. कुठे तसं दिसलं तर त्याच संस्थेला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला कळवावं. पाणी कुठे खोल आहे, गाळ कुठे फसवा आहे, यंदा मरळ कोणत्या ओढ्याच्या तोंडाशी पिल्लांवर आहे, हे तिथल्या भोई आणि कातकरी मंडळींना नेमकं ठाऊक असतं. त्यांनी सांगितलेला ओढा सोडावा आणि बांधाच्या बाजूला, मोकळ्या खोल पाण्यावर, लहान स्पिनर लावून चिलापीसाठी बसावं.