डोळे भरण्याच्या चाकूचे पाते एका बाजूस का कलते?

परभणी जिल्ह्यात मोसंबीची कलमे डोळा भरून तयार करतात. रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावर, जमिनीपासून सुमारे वीतभर उंचीवर साल चिरून तीत डोळा बसविला जातो. मिटत्या चाकूचे पाते मुठीतील पितळी पट्टीला घासत असेल, तर दर उघडमिटीस धार बोथट होते. साल कापली न जाता चिरडली जाते. डोळा सुकला की दोष मात्र हवेला किंवा डोळ्यांच्या काडीला दिला जातो.

पाते मध्यभागी नाही एवढ्यावरून चाकू सदोष ठरत नाही. ते पट्टीला टेकते काय, हे पाहावे. पात्याच्या दोन्ही अंगांस दिव्याची काजळी पातळ लावून चाकू सावकाश मिटावा व उघडावा. जेथे काजळी पुसली जाईल तेथे पाते टेकते. ती तशीच राहिल्यास चाकूला उगाच हात लावू नये. कलमाच्या पुष्कळ चाकूंना एकाच अंगाने धार असते. अशा पात्याचे टोक, पाते सरळ असूनही, सपाट अंगाकडे कललेले दिसते.

पाते टेकत असल्यास प्रथम मुठीतील खाच साफ करावी. सालीचा रस व माती तेथे घट्ट बसून पात्याला ढकलतात. बांबूची काडी व साबणाचे कोमट पाणी पुरते. नंतर खाच पूर्ण कोरडी करून सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा. पात्यावर तेल राहू देऊ नये.

तरीही पाते घासले, तर चाकू उघडून पाते फडक्यात धरावे व आडवे हलवावे. ते डुलले तर सांध्याची रिव्हेट सैल झाली आहे. अशा चाकूचे पाते मिटताना डावीकडे रेटले तर डावीकडे, उजवीकडे रेटले तर उजवीकडे बसते. माहीतगार कारागिराकडून रिव्हेट हलक्या ठोक्यांनी बसवून घ्यावी. स्क्रू असल्यास तो थोडाथोडा आवळून दर वेळी चाकू मिटून पाहावा. अति आवळल्यास पाते अडते.

पाते डुलत नाही, पण नेहमी एकाच बाजूस टेकते, तेव्हा पाते किंवा पट्टी वाकलेली असते. पात्याचे सपाट अंग काचेवर ठेवले असता मध्ये फट दिसली, तर दोष पात्यात आहे. साल पात्यानेच उचकटण्याच्या सवयीने बहुधा असे होते. त्या कामासाठी अनेक चाकूंना वेगळी बोथट जीभ दिलेली असते. ती वर्षानुवर्षे कोरीच राहते! कठीण केलेले पाते ठोकून सरळ करू नये, ते तुटते. पाते सरळ असेल तर पट्टी वाकलेली समजावी. ती कारागीर सरळ करू शकतो.

दुरुस्तीनंतर दगडावर धार लावून कोवळ्या फांदीवर छेद घेऊन पाहावा. सालीच्या कडा फाटत असतील, तर त्या चाकूने डोळा काढू नये.