सुगडातलं गाजर

चौसाळा,
भोगी

चि. सोनूस,


परवा फोनवर तू म्हणालास, "मामा, रात्री जेवल्यावर सफरचंद खातो, मग ब्रश नाही केला तरी चालतं." मला माझी दाढ आठवली. शेतात उभ्या उभ्या गाजर उपटायचं, धोतराला पुसायचं आणि कराकरा चावायचं, की दात घासल्यातच जमा, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो. वरून दात स्वच्छ दिसायचे. दोन दाढांच्या फटीत मात्र कीड पार आत गेली होती. बीडला जाऊन रूट कॅनाल केलं, तरी शेवटी दाढ काढावीच लागली.

गोड खाल्लं की दातांवरच्या किटणातले जंतू त्याचं आम्ल करतात. सामू साधारण 5.5 च्या खाली उतरला की दाताचं कवच विरघळायला लागतं. ते आम्ल मारायचं काम लाळेचं. तिच्यात कॅल्शियम, फॉस्फेट असतं, त्यामुळे कवचाची बारीकसारीक डागडुजीही तीच करते. गाजर, मुळा, काकडी, पेरू चावायला वेळ लागतो, म्हणून लाळ भरपूर सुटते. त्यांचा गुण हाच, आणि तो मोठा आहे. पण गाजराचा चोथा फटीत शिरून किटण खरवडत नाही. तुझं महागाचं सफरचंदही नाही.

उद्याच्या सुगडांसाठी तुझ्या मामीनं ओट्यावर गाजरं, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी मांडून ठेवलीत. शेजारीच तिळगुळाचा डबा. हा दाढेच्या खाचेत चिकटून बसणारा गडी! तो खाऊ नको म्हटलं तर मामी मला घरात घ्यायची नाही. जेवणाबरोबर खा, येता-जाता तोंडात टाकू नकोस. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म रुग्णालयात 1945 नंतर हेच तपासलं होतं. जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यांपेक्षा मधल्या वेळी चिकट टॉफी चघळणाऱ्यांचे दात कितीतरी जास्त किडले. प्रयोग केला तो बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर, त्यांना न विचारता. ते पाप वेगळंच.

उसाचं म्हणशील, तर कांडं चावताना लाळ सुटते खरी, पण साखर ती साखरच. रसवंतीच्या ग्लासात तर चावणंही उरत नाही.

झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचा ब्रश चुकवू नकोस. पेस्ट फ्लोराइडची घे, दोन मिनिटं घास. बोरं, आवळा, चिंच असं आंबट खाल्लं असेल तर मात्र चूळ भर आणि अर्धा तास थांब, कारण आंबटानं कवच तेवढ्यापुरतं मऊ पडलेलं असतं.

शेजारच्या पोराबरोबर गाजरं पाठवतोय. पिशवीच्या तळाशी नवा ब्रश आहे, तो आधी काढ.

तुझा,
मामा