वाळवंटातील तेजोमेघ आणि रंगाचा हिशेब



गेल्या हानुक्काच्या सणाला माझ्या हातून एक चूक झाली, तिच्यापासूनच आजचा पाठ सुरू करते. अबुधाबीला लेकीकडे असताना मी अश्दोद, दिमोना आणि ठाणे येथील आप्तेष्टांना शुभेच्छांसोबत एक छायाचित्र पाठविले होते. ययाती तारकासमूहातील कॅलिफोर्निया नावाच्या तेजोमेघाचे. लालभडक मेघ आणि कडेला निळी झालर. सर्वांनी वाहवा केली. नातीने तेवढे विचारले, "आजी, ह्यात निळा रंग कुठून आला गं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबले. त्या मेघाचा जवळजवळ सगळा प्रकाश हायड्रोजनचा आहे, ऑक्सिजनचा प्रकाश अगदी नाममात्र. निळी झालर आकाशातली नव्हती, ती मी संगणकावर ओढून आणली होती. मुलांच्या वहीत "उत्तर बरोबर, रीत चूक" असा शेरा मारण्यात जिची नोकरी गेली, त्या बाईंची इथे रीतही चूक आणि उत्तरही चूक!

ही चूक कशी होते ते समजण्यासाठी आधी कॅमेरा समजून घेऊ. रंगीत कॅमेऱ्याच्या पटलावर लाखो बारीक चौकटी असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. दर चार चौकटींपैकी एकीवर लाल काच, दोहोंवर हिरवी आणि एकीवर निळी. प्रत्येक चौकट फक्त उजेड मोजते. रंग आपण नंतर हिशेबाने बसवितो.

आता ह्या कॅमेऱ्यापुढे अरुंद पट्ट्याचा दुहेरी फिल्टर लावला, तर तो सर्व प्रकाश अडवून दोनच झरोके उघडे ठेवतो. एक ६५६.३ नॅनोमीटरच्या आसपास, हायड्रोजनच्या लाल रेषेसाठी; दुसरा ५००.७ च्या आसपास, ऑक्सिजनच्या हिरवट-निळ्या रेषेसाठी. अबुधाबी-दुबईसारख्या दिव्यांनी न्हालेल्या शहरांत हा फिल्टर मोठा आधार आहे. लेकीच्या गच्चीवरून शब्बाथ सुटल्याचे तीन तारे शोधायलासुद्धा मान दुखते, पण फिल्टर लावून त्याच गच्चीवरून तेजोमेघ टिपता येतो. अर्थात खरा काळोख हवा तर अल ऐनच्या दक्षिणेकडे अल कुआच्या वाळवंटात जावे. आम्ही हव्दाला करून निघतो, जावई गाडी चालवतात आणि नात थर्मास सांभाळते.

ह्या ऑक्सिजनच्या रेषेशी आपल्या पुण्याचाही संबंध आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. विल्यम हगिन्स ह्यांनी १८६४ साली एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा ही रेषा कोणत्याही ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना. पुढे नॉर्मन लॉकयर ह्यांनी ती मॅग्नेशियमशी जोडली. त्यांचे म्हणणे खरे असते तर रेषा एका बाजूला पसरट दिसायला हवी होती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली होती. तेथील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांनी मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि १८९१ साली प्रसिद्ध केले, की रेषा दरवेळी बारीक व रेखीवच दिसते. लॉकयरांचे वजन मोठे, पण नायगमवालांनी जे दिसले तेच लिहिले. शेवटी १९२७ साली आयरा बोवेन ह्यांनी उलगडा केला: ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे आणि ती अतिशय विरळ वायूतच उमटते. पुण्याची वेधशाळा १९१२ साली बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली.

आता मूळ कामाकडे. रात्रभर काही मिनिटांची एकेक अशी पुष्कळ एक्स्पोजर घ्यायची. झाकण लावून तितक्याच वेळेची, त्याच तापमानाला 'डार्क' छायाचित्रे घ्यायची, म्हणजे कॅमेऱ्याची स्वतःची खरखर वजा करता येते. एकसारख्या उजेडाच्या पृष्ठभागाची 'फ्लॅट' छायाचित्रेही घ्यायची. वाळवंटातील धूळ काचेवर बसतेच, तिचे काळे ठिपके फ्लॅटनेच जातात. हा कंटाळवाणा भाग टाळू नका. मग सर्व एक्स्पोजर एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढायची. सिरिल नावाच्या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये हे सर्व होते.

खरी गोम पुढे आहे. हायड्रोजनचा प्रकाश लाल चौकटींत पडतो, ऑक्सिजनचा हिरव्या आणि निळ्या अशा दोन्हींत. म्हणून रंगीत चित्र आहे तसे न रंगविता आधी त्याची दोन कृष्णधवल चित्रे करायची: लाल चौकटींचे हायड्रोजनचे, हिरव्या-निळ्या चौकटींचे मिळून ऑक्सिजनचे. दोन्हींतून आकाशाचा उजेड, विशेषतः चांदण्याचा एका बाजूने चढत जाणारा पट्टा, वजा करायचा. त्यानंतर अंधुक भाग दिसावा म्हणून प्रत्येक चित्र ताणायचे आणि शेवटी लालच्या जागी हायड्रोजन, हिरव्या व निळ्या दोन्ही जागी ऑक्सिजन बसवायचा.

मी घसरले ती ताणण्याच्या पायरीवर. आपोआप ताणणारे बटण दाबले, की संगणक प्रत्येक चित्र सारख्याच उजेडावर आणून ठेवतो. एका मुलाला ९० गुण आहेत आणि दुसऱ्याला ५, तर दुसऱ्याला ८५ ग्रेस मार्क देऊन दोघांना एका बाकावर बसविण्यासारखे ते आहे! माझ्या ऑक्सिजनच्या चित्रात मुळात फारसे काही नव्हते. होती ती उरलेली खरखर, कडेला राहिलेले थोडे चांदणे आणि हायड्रोजनचे भूत.

भूत म्हणते, कारण हिरव्या आणि निळ्या काचा लाल प्रकाश पूर्ण अडवीत नाहीत, थोडा झिरपतोच. त्यामुळे ऑक्सिजनच्या चित्रात हायड्रोजनच्या मेघाची फिकट नक्कल उमटते. ओळखावयाची खूण सोपी आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवा. ऑक्सिजनचा मेघ हायड्रोजनच्या मेघाची हुबेहूब फिकट प्रत वाटला, तर संशय घ्या. खरखरीसाठी वेगळी परीक्षा आहे: अर्ध्या एक्स्पोजरांचे एक चित्र करा, उरलेल्या अर्ध्यांचे दुसरे. जो आकार दोहोंत येत नाही तो सोडून द्या. पण झिरपलेला प्रकाश दोन्हींत येतो, म्हणून एका परीक्षेवर विसंबू नका. चांदण्याचे म्हणाल तर दुसऱ्या रात्री, चंद्र दुसरीकडे असताना, तेच चित्र घ्या. पट्टाही जागा बदलेल.

माझे फसलेले चित्र इथे उपयोगी पडले. त्या मेघात ऑक्सिजन जवळजवळ नाही, तेव्हा लालचा कितवा हिस्सा हिरव्या-निळ्यात झिरपतो ते तेथे मोजता आले. ताणण्यापूर्वी तेवढाच हिस्सा वजा करायचा. हा हिस्सा कॅमेऱ्यागणिक वेगळा असतो, दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये. मग तोच हिशेब एकशृंगी तारकासमूहातील रोझेट तेजोमेघाला लावून पाहिला. तेथे मधल्या तप्त ताऱ्यांभोवती निळा रंग तसाच टिकून राहिला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

ऋतूविषयी दोन शब्द. अमिरातीत हे काम नोव्हेंबर ते मार्चच करावे. थंड करण्याची सोय असलेला कॅमेरासुद्धा साधारण बाहेरच्या हवेपेक्षा ३० ते ३५ अंशच खाली जातो. ऑगस्टच्या रात्री हवाच तीस अंशांच्या वर असते, तेव्हा शून्याखाली उतरणे अवघड, आणि तापमान सहाएक अंशांनी वाढले की पटलाची खरखर दुप्पट होते. हिवाळ्यात मात्र पहाटे धुके येते व दुर्बिणीच्या काचेवर दव धरते. काचेभोवती गुंडाळायची विजेची उबदार पट्टी मिळते, ती जवळ असू द्यावी.

सुधारलेले चित्र मी सर्वांना पुन्हा पाठविले. खाली लिहिले: लाल रंग हायड्रोजनचा, मागील चित्रातील निळा रद्द समजावा. दिमोनाच्या मावसभावाचे उत्तर लगेच आले: "ताई, पहिलेच बरे होते." नातीने मात्र नव्या चित्राची प्रत आपल्या खोलीत लावली आहे.