मिररलेस कॅमेरा की मोबाईल? – एक हिशेब

लग्नांच्या चित्रीकरणाचा धंदा काढू पाहणाऱ्या माझ्या मावसभावाने विचारले, "कर्ज काढून मिररलेस कॅमेरा घेऊ, की हातातल्या मोबाईलवर भागेल?" वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने आधी दोन्ही बाजू मांडाव्यात, हे बरे.

फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. महागड्या मोबाईलमधला 'एक इंची' म्हणवणारा सेन्सर सुमारे ११६. म्हणूनच रात्रीच्या मांडवात कॅमेऱ्याचे चित्र स्वच्छ येते, मोबाईलचे कणीदार होते. शिवाय कॅमेऱ्याचे भिंग बदलता येते.

मोबाईलची बाजूही लंगडी नाही. शॉन बेकर यांनी 'टँजरीन' (२०१५) हा चित्रपट आयफोन ५एसवर चित्रित केला. मात्र त्याला जोडभिंग लावले होते. आवाजापुरते दोघे सारखेच. माईक बोलणाऱ्याजवळ नसेल, तर गोंगाटच टिपला जाणार.

तात्पर्य, दिवसाउजेडीच्या कामाला मोबाईल व चांगला माईक पुरे. रात्रीच्या कामाला कॅमेरा हवा. पण विकत घेतलेला कॅमेरा कपाटात पडून राहिला तरी घसारा आणि व्याज थांबत नाहीत. भाडे मात्र काम मिळाले तरच द्यावे लागते.

भावाने यंदाच्या लग्नसराईपुरता कॅमेरा भाड्याने आणायचे ठरवले आहे. कर्जाचा विचार वही पाहून!

– बी. कॉम., द्वितीय वर्ष