सभापतींच्या आसनासमोरचं टेबल

बारावीनंतर मुलगी म्हणते, "मी राज्यशास्त्र घेणार." लगेच घरात प्रश्न उभा राहतो, "त्याला स्कोप काय?" ही काळजी रास्त आहे, म्हणून उत्तरही नेमकं हवं. सुरुवात राज्यसभेपासून करू.

तिथले सभापती म्हणजे आपले उपराष्ट्रपती. घटनेच्या ६४व्या कलमानुसार हे पद त्यांच्याकडे पदसिद्ध येतं. ते सभागृहाचे सदस्य नसतात; मतं समसमान पडली तरच त्यांचं मत. पहिले सभापती डॉ. राधाकृष्णन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, हिदायतुल्ला माजी सरन्यायाधीश, हमीद अन्सारी परराष्ट्र सेवेतले. या खुर्चीला ना प्रवेश परीक्षा, ना क्लास. स्वप्न जरूर पाहावं, पण पोटापाण्याचा विचार त्यावर बेतू नये.

तो बेतावा आसनासमोरच्या टेबलावर. तिथे महासचिव आणि त्यांचे अधिकारी बसतात. एखाद्या खासदाराने नियम २६७ खाली, ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून चर्चा घ्या अशी नोटीस दिली, की ती नियमात बसते का, पूर्वी अशा वेळी काय निर्णय झाले, हे शोधून सभापतींपुढे ठेवावं लागतं. निर्णय त्यांचा, तयारी सचिवालयाची. खाली कितीही गोंधळ असो, प्रतिवेदक पाळीपाळीने लघुलेखनात शब्दन् शब्द टिपत असतात. आणि दुभाषे! आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांसाठी राज्यसभेत २०१८ पासून तत्काळ भाषांतराची सोय आहे. कोकणी त्याच वर्षी त्यात आली. खासदार मराठीत बोलत असताना त्याच क्षणी इंग्रजी किंवा हिंदी वाक्य जुळवायचं, हे कसब वर्षानुवर्षांच्या वाचनातूनच येतं. भाषेत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना आपण उगाच हिणवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दिल्ली लांब वाटते? मुंबईत विधानमंडळ सचिवालय आहे. विधान परिषदेचे सभापती मात्र सदस्यांमधूनच निवडले जातात. वि. स. पागे १९६० ते १९७८ या पदावर होते आणि रोजगार हमी योजनेची कल्पनाही त्यांचीच. या सचिवालयातही प्रतिवेदक लागतात, आणि मराठी लघुलेखन मनापासून शिकणारी मुलं आता थोडीच उरली आहेत.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या जागा मोजक्या असतात आणि जाहिराती वरचेवर निघत नाहीत. म्हणून पदवीबरोबर कायद्याचं शिक्षण किंवा भाषांतराचा अभ्यासक्रम जोडून घ्यावा. पदवीनंतर पीआरएस या संसदविषयक संशोधन संस्थेच्या लॅम्प फेलोशिपसाठी अर्ज करता येतो. त्यात एका खासदाराबरोबर संशोधनाचं काम मिळतं. तोवर अधिवेशन काळात संसद टीव्हीवर शून्य प्रहर, म्हणजे खासदार तातडीचे विषय मांडतात ती वेळ, रोज पाहावा आणि एका भाषणाचं मराठीत भाषांतर लिहून काढावं. महिनाभरात मुलीला यात गोडी आहे की नाही, हे घरातल्यांनाही कळेल.